पप्पांचं हजेरी कार्ड कॉपी केलं, आता खात्यातले सगळेच मागायला लागलेत

प्रश्न: ताई नमस्कार. मी सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या कार्डांचा, लई नाद लागलाय. आरसी५२२ नावाचं कार्ड वाचायचं मॉड्यूल घेऊन आर्डुइनोच्या छोट्या बोर्डवर बरंच काही केलं, मग ऑनलाइन एक हातात धरायचं कार्ड कॉपी करायचं मशीन मागवलं. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, तिथं गेटवर आणि खात्यात कार्ड दाखवून हजेरी लागते. त्यांचं कार्ड मी एका निळ्या कीचेन टॅगवर कॉपी केलं आणि पप्पांनी दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून तो टॅग मशीनला लावला तर त्यांच्या नावानं हजेरी लागली. आता खात्यातले तिघं-चौघं म्हणतायत आम्हालाही करून दे. त्यात शिलाईतल्या एक मावशी आहेत, मुलीला शाळेत सोडून यायला त्यांना दहा मिनिटं उशीर होतो आणि अर्धा दिवस कापतात. त्यांची मैत्रीण त्यांच्या नावाचा टॅग लावेल म्हणून त्यांना पाहिजे. मला त्यांचं खरंच वाईट वाटतं. मालकाला सांगावं तर पप्पा म्हणतात कशाला नसतं लफडं. मी चूक केली का? आणि या नादात कुठं थांबायचं? नाव छापू नका.

उत्तर: हे बघ, ज्याचं उत्तर तुला लगेच द्यावं लागणार आहे ते आधी सांगते. टॅग करून देऊ नकोस. कोणालाच नको, मावशींनाही नको. त्यांना नाही म्हणताना तुझा जीव खालीवर होणार हे कळतंय मला, आणि त्यांच्यासाठी काय करता येईल ते खाली सविस्तर लिहिलंय, पण टॅग हा त्यांच्या अडचणीवरचा इलाज नाही.

आता तुझ्या हातून नक्की काय झालं ते बघू. पत्र वाचून असं वाटतंय की तू काहीतरी मोठी सिक्युरिटी तोडलीस अशी तुझी समजूत झालीय. तोडलेलं काही नाही, तिथं तोडायला काही नव्हतंच. आरसी५२२ वर पप्पांचं कार्ड आलंच नसणार, बरोबर ना? ते मॉड्यूल १३.५६ मेगाहर्ट्झचं आणि हजेरीचं कार्ड १२५ किलोहर्ट्झचं, म्हणून तर तुला दुसरं मशीन घ्यावं लागलं. या १२५ वाल्या स्वस्त कार्डांत बहुतेक वेळा ईएम४१०० जातीची चिप असते. तिच्यात एकूण ६४ बिट, त्यातले ४० बिट म्हणजे खरा नंबर, बाकीचे बिट सुरुवात कुठं आहे आणि वाचताना गडबड झाली का हे कळण्यासाठी. कार्डात बॅटरी नसते, आत बारीक तारेचं वेटोळं असतं, रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात आलं की त्या वेटोळ्यातच वीज तयार होते आणि चिप जागी होऊन तोच नंबर परत परत सांगत राहते, रीडर समोर आहे तोवर. कोण विचारतंय, कशाला विचारतंय, काही बघत नाही. तुझा निळा टॅग बहुधा टी५५७७ चिपचा, त्याच्यावर लिहिता येतं, तू तोच नंबर त्याच्यावर लिहिलास, मशीनला दोन्ही एकच.

आणि एक गोष्ट बघ, पप्पांचं कार्ड हातात घेऊन बघ. अशा कार्डांवर बऱ्याचदा दोन आकडे छापलेले असतात, समजा ०००७६५४३२१ आणि त्याच्या पुढं ११६,५२१४५ (हा आकडा मी मनानंच घेतलाय). हे दोन वेगळे नंबर नाहीत. ११६ ला ६५५३६ नं गुण, त्यात ५२१४५ मिळव, ७६५४३२१ च येतं. चिपमधल्या नंबरचा मोठा भाग हाच, आणि पुष्कळ मशीनं एवढाच भाग तपासतात. म्हणजे कार्ड हातात न घेता, नुसता छापलेला आकडा वाचता आला तरी त्याची कॉपी बनू शकते. खात्यातल्या पूजेला, कोणाच्या वाढदिवसाला ग्रुप फोटो काढून स्टेटसला टाकतात ना, त्यात सगळ्यांची कार्डं गळ्यात सरळ दिसत असतात.

मालकाला कळायला पाहिजे ते हे. सुपरवायझरचा पोरगा हुशार आहे हा मुद्दाच नाही, असलं मशीन कोणीही मागवू शकतो आणि त्याला दुसऱ्या वर्षाचं इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा लागत नाही.

चूक केली का, तर याचे दोन भाग करते. घरी टेबलावर कार्ड ठेवून आत काय आहे बघितलंस, त्याला मी चूक म्हणणार नाही. असं उघडून बघणाऱ्या पोरांमुळंच इलेक्ट्रॉनिक्स पुढं जातं आणि तुझा हा नाद मला मनापासून आवडला. पण दुसऱ्या दिवशी तो टॅग कारखान्याच्या मशीनला लागला तिथं हद्द ओलांडली गेली. तुला वाटत असेल की पप्पांचं कार्ड, पप्पांची परवानगी, मग झालं की! नाही रे. कार्ड पप्पांचं नाही, कारखान्याचं आहे, त्यांना वापरायला दिलंय. आणि मशीन तर त्यांचं नाहीच नाही. रस्त्याच्या कडेला किल्ल्या बनवणारे बसतात, त्यांच्यातला जो नीट माणूस असतो तो घराची किल्ली लगेच करून देतो, पण ऑफिसच्या शिपायानं साहेबांच्या केबिनची किल्ली आणून दिली तर आधी विचारतो साहेबांना माहितीय का. किल्ली कोणाच्या खिशात आहे हे तो बघत नाही, कुलूप कोणाचं आहे ते बघतो. तू पण तेवढंच बघायचं, यापुढं प्रत्येक वेळी.

कायदा पण साधारण हेच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाच, त्यात मालकाच्या किंवा सिस्टिम ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय असे शब्द आहेत, कार्ड ज्याच्या गळ्यात आहे त्याची परवानगी असं कुठं म्हटलेलं नाही. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ६६ सी तर दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण फसवून वापरण्याबद्दलच आहे. तुला घाबरवायला लिहीत नाहीये मी हे. पप्पांनी लावलेला टॅग त्यांच्याच नावाचा, ते स्वतः तिथं हजर, खोटी हजेरी काही लागली नाही, कोणाला फसवायचं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण मावशी अजून रिक्षात आहेत आणि मैत्रिणीनं त्यांचा टॅग लावला, की त्या क्षणाला ती पगाराच्या पैशाची खोटी नोंद झाली. हेतू चांगला होता हे सांगायला तिथं जागाच उरत नाही, आणि टॅग कोणी बनवला या प्रश्नाला तुझं नाव येणार.

आता मावशी. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे आणि ते मालकापुढं मांडायला पाहिजे, मशीनला चकवून ते मिटणार नाही. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं हेच मुळात बरोबर नाही. गैरहजेरीबद्दल पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस गैरहजर तेवढ्याच प्रमाणात कापायचा, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेलं आहे. दहा मिनिटांचे चार तास कोणी करायचे नाहीत. त्यांच्यासारख्या अजून दोघी-तिघी असतीलच, शाळेच्या वेळेमुळं अडकणाऱ्या, त्यांनी मिळून एक अर्ज द्यावा की आमची शिफ्ट पंधरा मिनिटं उशिरा सुरू करा आणि तेवढीच उशिरा सोडा. तुझे पप्पा सुपरवायझर आहेत, असा अर्ज ते वरपर्यंत नेऊ शकतात आणि तुला खरंच मदत करायची असेल तर तो अर्ज टाइप करून दे. बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी अर्ज लिहायचा म्हटलं की मागं सरतात, तिथं तुझा उपयोग टॅगपेक्षा जास्त आहे. एवढं करून मालक ऐकतच नसेल तर सोलापुरात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं तक्रार घेतात.

आणि टॅग दिला तर मावशींचंच नुकसान कसं होतं ते त्यांना समजावून सांग. त्यांच्या नावाचा एक टॅग सतत दुसऱ्याच्या पर्समध्ये असणार. उद्या दोघींचं वाजलं, टॅग हरवला, कोणाला सापडला, आणि रात्री नको त्या वेळेला गेटवर त्यांच्या नावाची नोंद झाली, आणि नेमका त्याच रात्री गोडाऊनमधून माल गेला, तर त्या काय सांगणार? मशीन म्हणतंय तुम्ही आला होतात. मी नव्हते म्हणायचं तर टॅगचं सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की आधीच्या सगळ्या हजेऱ्या खोट्या ठरणार. मग दहा मिनिटांचं राहू दे, नोकरीच जाईल.

अजून एक आहे, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. मे २०२५ मध्ये याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले, आपल्यापैकी कोणीच ते विसरलेलं नाही. त्या आगीचा हजेरीशी संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण सूत, कापूस, टॉवेलचे गठ्ठे, सगळंच पेट घेणारं, आणि अशा ठिकाणी आग लागली की फायर ब्रिगेडवाले पहिलं विचारतात आत किती माणसं आहेत. त्या वेळी हजेरीची यादी हातात असते दुसरं काही नसतं. यादीत नाव आहे पण माणूस आत नाही, तर त्याला शोधायला कोणीतरी धुरात जातो. माणूस आत आहे पण त्याच्या टॅगनं दुसरंच कोणी त्याला बाहेर गेलेलं दाखवलंय, तर त्याला शोधायला कोणीच जात नाही. बाकीचे जे टॅग मागतायत ना, सिगरेट ओढायला बाहेर जायचं म्हणून किंवा लवकर सटकायचं म्हणून, त्यांना एवढं सांग आणि विषय संपव.

आता मालकाला सांगायचं का, तर हो, सांगायचं. पप्पांची भीती मी समजू शकते, नोकरी त्यांची आहे आणि तू अजून शिकतोयस, म्हणून त्यांच्या डोक्यावरून उडी मारून तू थेट मालकाला भेटायचं नाही. आधी पप्पांना तयार कर. त्यांना हे सांग की तिघं-चौघं टॅग मागायला लागलेत म्हणजे गोष्ट खात्यात फिरलेली आहे, आज ना उद्या ऑफिसात पोचणारच, आणि दुसऱ्याच्या तोंडून पोचली तर सुपरवायझरनंच पोराकडून डुप्लिकेट बनवून घेतली असं ऐकू जाणार. तेच पप्पांनी स्वतः जाऊन सांगितलं तर ती कारखान्याच्या भल्याची गोष्ट होते.

याबाबतीत २००८ साली हॉलंडमध्ये जे झालं ते तुला माहीत पाहिजे, तुझ्याच विषयातलं आहे. तुझ्या आरसी५२२ बरोबर जे पांढरं कार्ड येतं ते मायफेअर क्लासिक जातीचं. ते कार्ड १९९४ पासून बाजारात आहे, जगभर बससाठी, मेट्रोसाठी, ऑफिसच्या दारासाठी वापरलं गेलं, त्यातलं क्रिप्टो-१ नावाचं सांकेतिक कुलूप ४८ बिटच्या किल्लीवर, म्हणजे गुप्त आकड्यावर, चालायचं आणि ते कसं चालतं हे कंपनीनं कोणाला सांगितलं नव्हतं. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका हॅकर संमेलनात काही संशोधकांनी चिपचे थर घासून, मायक्रोस्कोपखाली फोटो काढून तिचं आतलं गणित बरंचसं उलगडून दाखवलं. पुढं नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी पूर्ण पद्धत बाहेर काढली. आणि मग त्यांनी काय केलं तर आधी सरकारला आणि ती चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीला कळवलं, सुधारायला वेळ दिला, आणि नंतर पेपर छापायला घेतला. कंपनी कोर्टात गेली छापू नका म्हणून, जुलै २००८ मध्ये आर्नेमच्या कोर्टानं कंपनीची मागणी फेटाळली आणि ऑक्टोबरमध्ये पेपर आला. त्यांनी फुकट प्रवासाची कार्डं बनवून मित्रांना वाटली असती तर तेच ज्ञान, तीच मेहनत, आणि कोर्टात उभं राहायला तोंड नसतं.

तू पण तोच क्रम धर. पप्पांबरोबर जा, आपलं कार्ड कॉपी होतं हे सांग, आणि टॅग मशीनला लागला होता तो दिवस पण सांग, लपवू नकोस, कारण पप्पांनी त्या दिवशी खरी हजेरी लावली होती आणि लपवलेलं नंतर बाहेर आलं तर सगळंच संशयास्पद दिसतं. तिथं दुसऱ्या कोणाचं कार्ड घेऊन करून दाखवू नकोस. ज्यांनी टॅग मागितले त्यांची नावं सांगायची नाहीत, अजून कोणी काही केलेलं नाही, नुसतं मागितलंय. कॉपी कशी करायची याचा व्हिडिओ, स्टेटस, कॉलेजच्या ग्रुपवर कारखान्याचं नाव, असलं काही नको, नंतरसुद्धा नको. निळा टॅग मालकासमोर कोरा करून टाक.

मालक विचारतील मग करायचं काय. लगेच म्हणतील अंगठ्याचं मशीन लावू. त्यांना सांग की सुतावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बोटं घासलेली असतात, अंगठा लागत नाही म्हणून रांग लागते, आणि कार्ड बदलता येतं पण अंगठ्याचे ठसे एकदा बाहेर गेले तर अंगठा बदलता येत नाही. आत्ताच्या आत्ता, कमी खर्चाचा उपाय म्हणजे कार्ड लावताना मशीनजवळ कॅमेरा आणि शिफ्ट सुरू झाली की सुपरवायझरनं खात्यात फिरून माणसं मोजणं. पुढं कार्ड बदलायची झाली तर मायफेअर डेसफायरसारखी घ्यावीत. त्यात रीडर दर वेळेला एक नवीन आकडा पाठवतो, कार्ड आपल्या आतल्या किल्लीनं त्याचं उत्तर काढून देतं, किल्ली स्वतः हवेत कधी येतच नाही, त्यामुळं कोणी चोरून ऐकलं तरी पुढच्या वेळेला ते उत्तर कामाचं नाही. पण यातही एक गोम आहे आणि ती मालकाला नक्की सांग: बसवणारे पुष्कळदा महागाचं कार्ड देतात आणि रीडर मात्र त्याचा नुसता यूआयडी, म्हणजे कार्डाचा उघडा ओळख नंबर, वाचेल असा लावून जातात. यूआयडी ते कार्ड कोणालाही सांगतं. मग पैसे गेले ते गेले आणि सुरक्षा पहिल्यासारखीच. वेंडरला विचारायचं, किल्ल्या कोणी टाकल्या, कोणाकडे आहेत.

आता तुझा नाद. तो सोडू नकोस, मी तर म्हणते वाढव. आरसी५२२, रिले, बारा व्होल्टचं सोलेनॉइड लॉक घेऊन स्वतःच्या कपाटाला बसव. तुझं कपाट, तुझं कार्ड, तुझा रीडर, इथं तुला कोणाला विचारायचं नाही. आधी नुसता यूआयडी तपासून उघडणारं बनव, मग यूआयडी बदलता येणारं कार्ड आणून स्वतःच्याच कपाटाला फसव. ते फसलं की मग सेक्टर, म्हणजे कार्डाच्या मेमरीतले कप्पे, वाचायला लाग, १०२४ बाइट, १६ सेक्टर, प्रत्येकात चार ब्लॉक, आणि कारखान्यातून येताना बहुतेक कार्डांची किल्ली सहा वेळा एफएफ असते, ती बदल. बदलताना ॲक्सेस बिट (कोणत्या किल्लीनं काय करता येईल ते ठरवणारे) नीट बघून टाक, चुकले तर तो सेक्टर कायमचा बंद होतो. हे सगळं करून क्रिप्टो-१ का पडलं हे स्वतः समजून घे, तो निकाल कोर्टाच्या बातमीपेक्षा तुला जास्त शिकवेल.

आणि आपल्याच गावातलं एक काम तुझी वाट बघतंय. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलच्या टॉवेल-चादरींत शिवायचे यूएचएफ (लांबून वाचता येणारे) टॅग असतात, लाँड्रीचे, धुलाई आणि इस्त्री दोन्ही सोसणारे, एकावेळी गठ्ठाभर टॉवेल न उघडता मोजता येतात. सोलापूरचा टॉवेल देशभर जातो, त्यात तो टॅग शिवून, धुऊन, किती धुलायांनंतर वाचायचा बंद पडतो हे तू फायनल इयरच्या प्रोजेक्टला तपासलंस तर हाच मालक तुला शिलाई मशीन वापरायला देईल. रीडर महाग आहे, कॉलेजच्या लॅबमधून मागून घे.

फास्टॅगला मात्र हात लावायचा नाही. तोही यूएचएफच, गाडी आणि काच पप्पांची असेल पण टॅग बँकेचा आणि पलीकडं टोलची सिस्टिम. बसचा पास, लायब्ररीचं कार्ड, हॉस्टेलचं मेस कार्ड यांचंही तेच, शिकायचं असेल तर ज्यांचं आहे त्यांची लेखी परवानगी काढ. कॉलेजला एचओडींच्या सहीचा अर्ज केलास तर मेसची जुनी, बंद केलेली कार्डं मिळतात का बघ, नाही म्हणाले तर नाही. आणि मोबाइलचा एनएफसी चालू करून मित्रांची एटीएम कार्डं वाचून दाखवायची सवय असेल तर ती आजपासून बंद, टॅप करून पैसे देता येणाऱ्या पुष्कळ कार्डांतून नंबर आणि मुदत सहज वाचता येते, आणि त्यांनी गमतीत हो म्हटलं तरी ती माहिती तुझ्या फोनच्या हिस्टरीत पडून राहते.

पप्पांशी रविवारी बोल, सुट्टीच्या दिवशी, घाईत नको. मावशींचा अर्ज त्याच्या आधी तयार ठेव, म्हणजे दोन्ही विषय एकदमच ऑफिसात जातील, आणि त्यांच्या वेळेचं काय झालं ते मला नक्की कळव.